सहा अंशांवरचा उंचवटा

भट्टीताईला कुणी मावशी म्हटलेलं खपत नसे. नवा आलेला संशोधक पहिल्याच दिवशी गोड आवाजात विचारायचा, मावशी, जरा हे वितळवून देता का, आणि ती हातातली कानस खाली न ठेवता सांगायची की मावशी म्हणजे आईची बहीण, तुमच्या आईला मी ओळखत नाही, मी इथे भट्टी चालवते. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं व्हायचं. आठवडाभरात तोही इतरांसारखा तोंडावर ताई आणि पाठीमागे भट्टीताई म्हणायला लागायचा. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं आणि आवडायचंही, पण तसं कबूल करील तर ती भट्टीताई कसली.

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याच्या मागे. वरच्या मजल्यांवर प्राध्यापक, दारांवर पाट्या, पाट्यांवर पदव्या. खाली एक टेबल, एक तराजू, तेलाच्या बाटल्या आणि मधोमध भट्टी. भट्टी म्हटलं की लोकांना काहीतरी धडधडणारं, धुरकटलेलं वाटतं. ही होती कळशीएवढी, चकचकीत पोलादी, पुढच्या बाजूला जाड काळी काच. आत तांब्याची थाळी, तिला खालून सतत गार पाणी, थाळीला वाटीसारखे खळगे, आणि वरून खाली आलेली टंगस्टनची एक कांडी. खळग्यात धातूंचे तुकडे ठेवायचे, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, तिच्या जागी आर्गॉन वायू भरायचा आणि कांडी जवळ नेऊन आर्क, म्हणजे विजेची झगझगीत सलग ठिणगी, पाडायचा. काळ्या काचेतून बघावं तर तुकडे एकमेकांत मिसळून बोराएवढा गोळा तयार. तो उलटायचा, परत वितळवायचा, असं पाच वेळा, म्हणजे आतबाहेर सगळा सारखा. मग क्वार्ट्झच्या नळीत बंद करून दहा दिवस ओव्हनमध्ये तापवत ठेवायचा. एवढं झालं की गोळा जिना चढून वर जायचा आणि पुढे त्याच्यावर लेख छापून यायचे. लेखांवर चार-चार, पाच-पाच नावं असायची. अठरा वर्षांत त्यात ताईचं नाव एकदाही नव्हतं, खाली आभारातसुद्धा नाही.

आर्कची ओळख तिला वडिलांनी करून दिली. बाबा वेल्डर होते. फाटकं, खिडक्यांचे गज, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड हे त्यांचं काम, आणि मुलगी दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी काळी काच डोळ्यांपुढे धरून बसलेली. पुढे तिने वेल्डिंगचा कोर्स केला, सगळ्या वर्गात एकटी मुलगी. प्रयोगशाळेला भट्टीसाठी माणूस हवा होता तेव्हा तिने अर्ज टाकला आणि कार्यालयातल्या लोकांनी नाकं मुरडली. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, तेव्हा तरुण होते. त्यांनी निकेलच्या दोन पट्ट्या तिच्या हातात दिल्या, जोडून दाखवा म्हणाले, सांध्यावरून नख फिरवलं आणि कार्यालयाला कळवलं की हीच. तेव्हापासून दर वर्षाच्या शेवटी करार संपायचा आणि दर वर्षी सरांच्या सहीने पुढे चालू व्हायचा. हे उपकार ताई विसरली नव्हती, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं.

सरांचं सगळं आयुष्य सिरियममध्ये गेलं होतं. सिरियम म्हणजे एक मऊसर धातू, सुरीने कापता येतो आणि कापला की चांदीसारखा चमकतो. पण भारी नखरेल. उघड्या हवेत राहिला की आधी पिवळसर होतो, मग निळसर, मग राखाडी. हवेतला ऑक्सिजन त्याच्यावर जाऊन बसतो आणि एकदा बसला की उठत नाही, भट्टीतही नाही. म्हणून तो तेलात बुडवून ठेवायचा. ताईची रीत ठरलेली होती. तेलातून काढून कानशीने घासायचा, धुवायचा, तुकडे करायचे, तोलायचे आणि दहा मिनिटांच्या आत भट्टीचं झाकण लावायचं. नोंदवहीत वजन, वेळ, विद्युतप्रवाह असे रकाने छापलेले असत. तिने पट्टीने रेघ मारून आणखी एक रकाना पाडला होता, रंग. कुणी तो मागितला नव्हता आणि कुणी तो वाचतही नव्हतं. ती मात्र दर वेळी झाकण लावण्याआधी डोळ्यांनी बघायची आणि लिहायची, चांदी.

हे सगळे उपद्व्याप कशासाठी, ते तिला शंकाने समजावलं होतं. शंका म्हणजे सरांकडे प्रबंध करणारी मुलगी. प्रत्येक व्याख्यानात हात वर करून माझी एक शंका आहे म्हणायची, म्हणून तिचं नाव शंका पडलं. पोरगी गोड, डोकं तल्लख, आणि भट्टीच्या खोलीत येऊन स्टुलावर बसायला तिला कमीपणा वाटत नसे. तिने सांगितलं ते असं. सिरियमच्या प्रत्येक अणूत एक एकटा इलेक्ट्रॉन असतो आणि सिरियमचा चुंबकपणा त्याचाच. तो मोकळा असता तर हवा तसा फिरला असता. पण स्फटिकात चारी बाजूंनी शेजारी बसलेले असतात, ते त्याला मोकळं सोडत नाहीत, ठराविक पायऱ्यांवरच बसायला लावतात. थंडीत तो सगळ्यात खालच्या पायरीवर असतो. तापवत गेलं की वरची पायरी चढतो आणि चढताना उष्णता खातो. किती तापमानाला किती उष्णता खाल्ली याचा आलेख काढला की त्यात एक पसरट टेकडी दिसते, आणि त्या टेकडीवरून पायऱ्या किती उंच आहेत ते काढता येतं. सिरियमऐवजी लॅन्थनम घालून त्याच मापाचा जुळा गोळा करायचा, कारण लॅन्थनमकडे तो एकटा इलेक्ट्रॉन नसतो, आणि एकातून दुसरा वजा करायचा.

ताई म्हणाली होती, शेजाऱ्यांनी बसायची जागा ठरवून देणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, मी चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत राहते. दोघी खूप हसल्या होत्या.

पण कधीकधी, शंका म्हणाली, खूप थंड केलं की सगळे सिरियम एकदम एकमेकांचं ऐकतात आणि शिस्तीत रांग लावतात. ती खरी चुंबकी व्यवस्था. तेव्हा आलेखात टोक येतं. असं टोक नव्या संयुगात सापडलं तर तो शोध.

आता त्या दिवसाचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथून सुरू झालं. सिरियम, निकेल आणि जर्मेनियम, प्रमाण अगदी नवं. ताईने सिरियम घासला, बारीक तुकडे केले, भट्टीत ठेवले, पंप लावला, आणि पंपाचा पट्टा तुटला. आत हवा शिरली. भांडारातून नवा पट्टा आणून बसवेपर्यंत भिंतीवरच्या घड्याळात चाळीस मिनिटं झाली. तिने काचेतून पाहिलं तर तुकडे राखाडी. आता सगळं बाहेर काढायचं, परत घासायचं, परत तोलायचं, निकेल आणि जर्मेनियम नव्या वजनाला जुळवून घ्यायचं, तासाभराचं काम. नेमके तेव्हाच सर पाच पाहुण्यांना घेऊन दारात. वरून आलेले बडे लोक, त्यांना भट्टीतला उजेड बघायचा होता आणि निघायची वेळ झाली होती. ताई हळूच म्हणाली की माल राखाडी पडलाय. सर तिच्याहून हळू म्हणाले की दाखवण्यापुरतं करा. तिने आर्क पाडला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गेले.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट नव्हती. गोळा तिथल्या तिथे भंगारच्या डब्यात टाकायचा होता. पण तो निघाला इतका देखणा, आरशासारखा, वजनही बरोबर, की ताईला तो फेकवेना. आपल्या हातचा गोळा, त्याला काय होतंय, असं तिला वाटलं. गर्व म्हणा, दुसरं काय. तिने तो नळीत बंद करून ओव्हनमध्ये ठेवला आणि दहा दिवसांनी वर पाठवून दिला. शंकाला काही बोलली नाही. वहीत मात्र होतं ते लिहिलं: रंग राखाडी, चाळीस मिनिटं हवेत, परत घासला नाही.

क्ष-किरणांना थोडीशी भेसळ दिसत नाही, त्यांत गोळा स्वच्छ निघाला. मग तो थंड केला, आणि निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे सगळ्यात कमी तापमानाच्या, वर सहा अंशांवर आलेखात एक छोटा उंचवटा आला. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारी पोरगी आपल्या आलेखावर मात्र भाळली. सर तर हरखूनच गेले. लेख लिहिला, पाठवला, शंकाच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्या उंचवट्यावर उभं राहिलं. ताईला पेढ्याऐवजी कॅन्टीनचा चहा मिळाला. शोध लागला म्हणून तीही खूश होती, कारण सहा अंश म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

ते सांगितलं एका पत्राने. शंकाच्या प्रबंधाला बाहेरच्या परीक्षक नेमल्या होत्या, सिरियमवर केस पांढरे झालेल्या एक बाई. त्यांनी विचारलं की हा उंचवटा सिरियमच्या ऑक्साइडचा तर नव्हे, कारण ते ऑक्साइड बरोबर सहा अंशांच्या आसपासच रांग लावतं. शिवाय उंचवटा फार बुटका आहे. हिशेब केला तर शंभरातले तीनच सिरियम रांगेत उभे आहेत, बाकीचे सत्त्याण्णव कुठे गेले? तेव्हा नमुना बनवताना सिरियम स्वच्छ होता, असं बनवणाऱ्याच्या सहीचं निवेदन पाठवावं, पुढच्या महिन्यात मी येतेच आहे.

सरांनी ताईला वर बोलावलं. निवेदन टाइप करून तयार होतं, फक्त सही हवी होती. ताईने ते वाचलं. सिरियम पूर्णपणे स्वच्छ होता आणि हवेच्या संपर्कात आला नाही. तिने कागद परत टेबलावर ठेवला.

"स्वच्छ नव्हता, सर. वहीत आहे."

"वही कुणी मागितलेली नाही."

"पण मी पाहिलाय ना."

सर चिडले नाहीत. चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते म्हणाले की या संयुगात सिरियमचा चुंबकपणा दबलेला आहे, म्हणूनच उंचवटा बुटका, आणि हाच तर शोध आहे, एका राखाडी तुकड्यापायी तीन वर्षांचं काम पाण्यात घालायचं का. त्या पोरीचा विचार करा. मग टेबलाच्या खणातून त्यांनी दुसरा कागद काढला, तिच्या कराराचा. पुढच्या महिनाअखेरीला तो संपत होता. तो त्यांनी नुसता निवेदनाच्या शेजारी ठेवला. मग म्हणाले, अठरा वर्षांपूर्वी मी तुमच्यासाठी उभा राहिलो होतो. खरंच राहिले होते.

तिने एक मार्ग सुचवला. नव्याने गोळा करते, चांदीसारख्या सिरियमचा. त्यातही उंचवटा आला तर दोन्ही हातांनी सही करीन. सर म्हणाले, वेळ नाही, यंत्रावर जागा नाही, आणि तुम्ही भट्टी सांभाळा, भौतिकशास्त्र आम्ही सांभाळतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. तिथून ताईचं डोकं फिरलं ते फिरलंच.

घरी नवरा शाळेची बस धुऊन नुकताच वर आला होता. शांत माणूस, भांडणाला कायम दोन पावलं मागे. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, कर सही आणि मोकळी हो. यात कुठला पूल पडणार आहे?" ताईने त्याला असं काही सुनावलं की तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. तो चुकीचं बोलला नव्हता हे तिला कळत होतं, आणि म्हणून जास्तच राग येत होता. पूल पडणार नव्हता. कुणाचं बोटही कापणार नव्हतं. जगात कुठेतरी दहा माणसं तो लेख वाचणार, आणि त्यातली दोन त्यावर आणखी दोन वर्षं घालवणार. पण तिने डोळ्यांनी राखाडी पाहिलं होतं आणि तिच्या सहीखाली चांदी असं छापलं जाणार होतं. अठरा वर्षं नाव नाही, आणि पहिल्यांदा येणार ते खोट्याच्या खाली. अंगाचा नुसता तिळपापड झाला तिच्या.

बाबा खाटेवर बसून होते. आता त्यांना नीट दिसत नव्हतं आणि ऐकूही कमीच यायचं. सिरियम-बिरियम त्यांच्या कानात शिरलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "सांधा कच्चा राहिलाय का?"

ती म्हणाली, हो बाबा.

"मग कापून परत मार. विचारत काय बसलीस?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने भट्टी लावली. कुणाची परवानगी घेतली नाही. सिरियमच्या बाटलीत शेवटचा तुकडा होता. तो घासताना हात जरा जास्तच जोरात चालत होता. आठ मिनिटांत झाकण बंद. पाच वेळा उलटला, पाच वेळा वितळवला, नळीत भरला, दहा दिवस ओव्हनमध्ये ठेवला, आणि अकराव्या दिवशी शंकाच्या हातावर ठेवून म्हणाली की तुझ्या यंत्रात एक खाच रिकामी असते ते मला माहीत आहे, हा लाव. का लावायचा तेही सांगितलं. सगळं, पट्ट्यापासून.

शंका दोन दिवसांनी खाली आली ती रडून डोळे सुजवून. नव्या गोळ्यात पसरट टेकडी जशीच्या तशी होती, साठ अंशांच्या जवळ, जरा जास्तच सुबक. पण सहा अंशांवर काही नव्हतं. रेघ सपाट गेली होती, थेट दोन अंशांपर्यंत. ती ताईवर अक्षरशः बरसली. म्हणाली, सरांवर मला तेवढा राग नाही, त्यांना तेव्हा माहीत नव्हतं की तुम्ही तो गोळा पुढे पाठवलात. तुम्हाला माहीत होतं. मी रोज इथे येऊन बसत होते, रोज. तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं?

ताईने हातातली कानस खाली ठेवली. ती म्हणाली की सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, तुझं शेवटचं प्रकरण मी बुडवलं. माफ कर असं म्हणायची तिला सवय नव्हती, तरी म्हणाली. शंका वर निघून गेली.

परीक्षक बाई आल्या त्या दिवशी सभागृह भरलं होतं. तांत्रिक कर्मचाऱ्यांनी तिथे बसायची पद्धत नव्हती, पण मनाईचा नियमही नव्हता. ताई कामाच्या एप्रनसकट जाऊन शेवटच्या रांगेत बसली. निवेदनावर तिने सही केलेली नव्हती. सरांनी परत मागितलंही नव्हतं, आणि ती मनात म्हणत होती की बहुतेक त्यांनीच विचार बदलला. शंकाने सादरीकरण केलं, आवाज कापरा, उंचवट्यापाशी आल्यावर आणखी कापरा. नवा आलेख तिने दाखवला नाही. परीक्षक बाईंनी मऊ आवाजात तोच प्रश्न विचारला. सर उठून म्हणाले की सिरियम हवेत राहिल्याची तांत्रिक कर्मचाऱ्यांकडून कोणतीही नोंद आलेली नाही.

नोंद नाही. अठरा वर्षांत एक दिवस चुकवलेला नाही, आणि नोंद नाही. ताई उभी राहिली.

"नोंद आहे. गोळा मी केला. सिरियम चाळीस मिनिटं हवेत होता आणि राखाडी पडला होता. तो मी परत घासला नाही. वितळवल्यावर टाकून द्यायचा, तोही टाकला नाही, दिसायला चांगला झाला म्हणून वर पाठवला. सर म्हणाले होते दाखवण्यापुरतं करा, पुढे पाठवा म्हणाले नव्हते. ती चूक माझी. वही खाली आहे, ज्याला बघायची त्याने यावं. माझ्या हातून गोळा बिघडू शकतो. पण मी नोंद करत नाही असं इथे कुणी बोलायचं नाही."

सरांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. मग शंकाने, कुणी न सांगता, दुसरा आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाली की हा ताईंनी केलेला नवा नमुना, यात सहा अंशांवर काही नाही. आवाज आता कापत नव्हता. परीक्षक बाई उठून पडद्याजवळ गेल्या. पायऱ्यांची उंची काढायला ही टेकडी पहिल्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, असं म्हणाल्या, प्रबंधाला तेवढं पुरेसं आहे, शेवटचं प्रकरण नव्याने लिहा. जाताना त्या जिन्यामागच्या खोलीत येऊन वही बघून गेल्या. रंगाच्या रकान्यावर त्यांनी बोट फिरवलं.

लेख मागे घेतला गेला. महिनाअखेर आली आणि कराराचा कागद सहीशिवाय परत आला. सर स्वतः खाली आले, एवढं मानायला हवं. म्हणाले, हे सगळं चारचौघांत बोलायची गरज नव्हती, माझ्या खोलीत येऊन बोलला असतात. ताई म्हणाली, तुमच्या खोलीत मी आधीच बोलले होते. तिने किल्ल्या दिल्या, वही दिली, पाण्याचा नळ कुठल्या बाजूला घट्ट बसतो ते सांगितलं. पंप शेवटचा बंद केला आणि खोलीत एकदम शांतता झाली, तेव्हा मात्र तिला रडू आलं. सरांच्या देखत आलं, आणि तिने ते पुसलंसुद्धा नाही. दिसू दे म्हटलं.

त्यानंतर ती बाबांच्या जुन्या भागीदाराच्या वर्कशॉपवर जायला लागली. फाटकं, गज, स्टँड, तेच लहानपणीचं काम. नवऱ्याने एकदाही मी म्हटलं होतं ना असं ऐकवलं नाही. उलट शाळेच्या फाटकाचं काम त्यानेच मुख्याध्यापकांना गळ घालून मिळवून दिलं. काम चांगलं होतं, माणसं बरी होती. तरी दुपारी कधी हात थांबला की तिला तांब्याची थाळी आठवायची आणि जीव तुटायचा. हे ती लपवत नसे. विचारलं तर सांगायची, हो, आठवण येते, मग काय करू?

पाच महिन्यांनी शंका वर्कशॉपच्या दारात उभी. हातात प्रबंधाच्या पाच प्रती, नुकत्या बांधून आलेल्या, काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. दुसऱ्या दिवशी त्या विद्यापीठात द्यायच्या होत्या. आधी तुम्हाला दाखवायच्या होत्या, म्हणाली, आणि नमुने कसे केले त्या प्रकरणाचं पान उघडून पुढे धरलं. ताईने हात पुसले आणि उभ्या उभ्या वाचलं. दुसऱ्या नमुन्याच्या खाली छापलं होतं की हा नमुना अमुक यांनी तयार केला, आणि तिचं पूर्ण नाव, आडनावासकट. पहिल्या नमुन्याच्या खाली होतं की पंपातील बिघाड आणि वरिष्ठांची घाई यांमुळे सिरियमचे ऑक्सिडीकरण झाले, यात तंत्रज्ञांचा दोष नाही.

शंका कौतुकाची वाट बघत होती. ताईच्या कपाळावर आठी चढली.

"हे कुणी लिहायला सांगितलं तुला?"

शंका गडबडली. म्हणाली की मीच लिहिलं, सरांनी त्यावर वाद घातला नाही, आणि खरं तर तुमची एवढी काही चूक नव्हतीच. शिवाय लोक वाचतील, उद्या दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत तुम्ही अर्ज केलात तर बिघडलेल्या नमुन्यावर तुमचं नाव कशाला.

"पट्टा तुटला, खरं. सरांनी घाई केली, खरं. पण राखाडी दिसला कुणाला? मला. ठेवून घेतला कुणी? मी. ते तू काढून टाकलंस तर त्या दिवशी त्या खोलीत होतं कोण? पंप आणि सर. मी नव्हतेच. मग हा दुसरा चांगला गोळा काय पंपाने केला? माझी नोकरी गेली या चुकीपायी. ती तरी माझ्या नावावर राहू दे. दोन्ही गोळ्यांखाली माझं नाव लिही, नाहीतर दोन्हींखालून खोड."

शंका म्हणाली की छापून, बांधून झालंय. ताई म्हणाली की पेन आहे ना. लोखंडाचा कीस पडलेलं टेबल तिने हाताने झाडलं आणि प्रती ओळीने मांडल्या. शंका वाकून लिहायला लागली. छापलेली ओळ खोडली आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं की सिरियम राखाडी दिसत असूनही तो परत न घासता वितळवला आणि नमुना पुढे पाठवला, आणि पुढे ताईचं नाव. पाच वेळा. शेवटच्या प्रतीपर्यंत पोरीचं नाक लाल झालं होतं. ताईने ती प्रत घेतली, वाचली, आडनाव आहे ना ते पाहिलं, आणि मग कुठे तिला बसायला स्टूल दिलं.